कंपासातली नागरी

१९२७ साली जगाच्या दोन टोकांना दोन वर्तुळे पुरी झाली. १८ जानेवारीला दिल्लीत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते कौन्सिल हाउसचे उद्घाटन झाले. पुढे जिला सारा देश संसद भवन म्हणू लागला तीच ही इमारत: ५६० फूट व्यास, भोवती १४४ खांब, आणि लुट्येन्स-बेकर या वास्तुकार जोडगोळीच्या सरळसोट नव्या राजधानीत उठून दिसणारा तिचा गोल आकार. त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधल्या बाउअर टाइप फाउंड्रीने पाउल रेनर या अक्षरकाराचा ‘फ्युचुरा’ नावाचा टाइप बाजारात आणला. त्यातला रोमन ‘ओ’ कंपासाने काढल्यासारखा गोल होता आणि छोटा ‘ए’ म्हणजे एक वर्तुळ व त्याला टेकवलेली काठी, बस्स. दिल्लीतल्या वर्तुळाला फ्रँकफुर्टच्या वर्तुळाची खबर असण्याचे कारण नव्हते. फ्रँकफुर्टच्या वर्तुळाला देवनागरीत, बारीक ते जाड अशा पूर्ण कुटुंबासह, जागा मिळायला आणखी ८७ वर्षे जायची होती.

फ्युचुरा ज्या जातीचा टाइप आहे त्या जातीत अक्षराच्या टोकांना जुन्या रोमन टाइपासारखी पावले किंवा टोप्या नसतात. रेषा सगळीकडे एकाच जाडीची दिसते. अक्षरांचा सांगाडा वर्तुळ, सरळ रेषा आणि त्रिकोण यांतून उभा राहतो. पहिल्यापासूनच त्याची बारीक, मध्यम आणि जाड अशी वजने निघाली, आणि त्यातल्या बारीक वजनाला एक वेगळाच तोरा होता. पानावर शाई कमी, कागद जास्त. ही अक्षरे इतकी ‘आजची’ दिसली की पुढच्या प्रत्येक पिढीने ती नव्याने आपलीशी केली. १९६९ साली अपोलो ११ च्या यानाने चंद्रावर जी पाटी ठेवली तिच्यावरचा मजकूरही फ्युचुरातच आहे. खुद्द रेनर मात्र नाझी राजवटीच्या नजरेत सलला. १९३३ मध्ये त्याला अटक झाली आणि नोकरीही गेली.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. फ्युचुरातले वर्तुळ शुद्ध वर्तुळ नाही आणि रेषाही सगळीकडे एका जाडीची नाही. गोलाला काठी जिथे चिकटते तिथे रेनरने रेषा हळूच बारीक केली आहे, नाहीतर त्या सांध्यावर काळा डाग दिसला असता. भूमितीचा भास निर्माण करायला भूमितीशी थोडी लबाडी करावी लागते. देवनागरीच्या वाट्याला हीच लबाडी कितीतरी पटीने अधिक आली.

नव्या दिल्लीत तेव्हा अक्षरांचा मान होता तो रोमनला, आणि तोही दगडात कोरलेल्या, पावले असलेल्या भारदस्त रोमनला. १९३१ साली पुरे झालेल्या इंडिया गेटच्या भिंतींवर युद्धांत पडलेल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांतून पलटणीत गेलेली माणसेही त्या युद्धांत कामी आली होती. त्या भिंतीवर नाव लागले ते साहेबाच्या लिपीत. देवनागरी त्या कमानीखाली यायला १९७२ उजाडावे लागले. बांगलादेश युद्धानंतर उभारलेल्या चौथऱ्याच्या चारही बाजूंना सोनेरी अक्षरांत ‘अमर जवान’ असे लिहिले गेले.

देवनागरीची स्वतःची शिस्त बोरूतून आलेली. तिरका छाटलेला बोरू कागदावर फिरला की रेषा आपोआप जाड-बारीक होते. रोमन लेखणीत जाडी ज्या तिरक्या अंगाला पडते त्याच्या नेमक्या उलट अंगाला ती देवनागरीत पडते. मुंबईला जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे खिळे पाडले त्यांत हे बोरूचे वळण इतके घोटून उतरले की देशभर देवनागरी छपाईचा कित्ता म्हणून तेच गिरवले गेले. काशीच्या पोथ्यांपासून उत्तरेकडच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत ‘बंबैया’ टाइपाची छाप होती. सुंदर होते ते, पण महागही. जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार यांच्यासाठी जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची पेटी लागे. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या छाटून १९० च्या आसपास आणण्याचा खटाटोप केला तो याच जाचातून. सावरकरांची अ ची बाराखडी आणि काकासाहेब कालेलकरांचे लिपीसुधारणेचे प्रयत्न त्याच वाटेवरचे. मराठी माणसाला लिपीची गाठ यंत्राशी घालून देण्याचा छंद जुनाच आहे.

स्वातंत्र्यानंतर ही खटपट दिल्लीला पोचली. संविधानाच्या कलम ३४३ ने संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी ठरवली, आणि त्याच कलमाने अंक मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले ठेवले. या अर्ध्या वाक्याचा परिणाम दिल्लीत पदोपदी दिसतो. सरकारी हिंदी पाटीवर शब्द देवनागरी आणि आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात, म्हणजे देवनागरीशेजारी परक्या उंचीचा पाहुणा कायमचा बसवलेला. अक्षर आखणाऱ्याने दोघांचा मेळ घालायचा. महाराष्ट्रात देवनागरी आकडे वाचत वाढलेल्या माणसाला दिल्लीत पहिल्यांदा हेच खटकते.

संविधानाची हिंदी प्रत हाताने लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी, पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रात बनलेल्या कागदावर. तो बोरूच्या परंपरेचा राजधानीतला शेवटचा मोठा मानसन्मान म्हणायला हरकत नाही. कारण तेव्हाच दुसरीकडे हिंदी लघुलेखन आणि टंकलेखनयंत्र यांचे प्रमाणीकरण करायला समिती नेमली गेली होती, आणि तिच्या अध्यक्षस्थानी होते पुन्हा काकासाहेब कालेलकर. वैद्यांचे अक्षर काचेच्या पेटीत गेले. कालेलकरांच्या समितीने ज्याची चर्चा केली ते यंत्र कचेरीकचेरीत जाऊन बसले.

आणि तिथेच, कोणी ठरवलेले नसताना, दिल्लीला सडपातळ, एका जाडीच्या देवनागरीची सवय लागली. हिंदी टाइपरायटरवर कळ दाबली की खिळा फितीवर आदळतो. जाड-बारीक वळणाचे अक्षर अशा ठोक्यात फाटते किंवा भरून येते, म्हणून यंत्रासाठी अक्षरे एकाच बारीक रेषेत आखलेली असत. कळा मोजक्या, म्हणून अक्षराचे दोन तुकडे करायचे: आधी अर्धा ‘त’, मग वेगळा काना मारून पूर्ण ‘त’. व्यंजनाचा गाभा एकीकडे, उभा दंड दुसरीकडे. सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात याला आधुनिक रचना म्हटलेले नाही, पण सुट्या भौमितिक तुकड्यांतून अक्षर जोडणे म्हणतात ते हेच. तीस हजारी कोर्टाबाहेर पत्र्याच्या टेबलांवर खडखडत राहिलेल्या यंत्रांनी लाखो प्रतिज्ञापत्रांवर ती अक्षरे उमटवली. त्या टंकलेखकांना रेनर माहीत नव्हता. त्यांची देवनागरी मात्र बोरूपासून सुटली होती.

अक्षरकारांनी जाणूनबुजून हा प्रयोग करायला साठचे दशक उजाडले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत स्वित्झर्लंडचा एड्रियन फ्रुटिगर आला. त्याचा ‘युनिव्हर्स’ हा टाइप तेव्हा जगभर नावाजलेला होता. त्याच धर्तीवर देवनागरी आखता येईल का, असा प्रश्न त्याने हाती घेतला आणि महेंद्र पटेल या तरुणाला सोबत घेतले. पटेल पुढे फ्रान्समध्ये त्याच्या स्टुडिओत काम करून आले आणि नंतर अनेक भारतीय लिप्यांचे अक्षरकार व कित्येक पिढ्यांचे गुरू झाले. २०१० साली माइन्त्स शहराचा गुटेनबर्ग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या प्रयोगात बोरूचा फुलोरा छाटून रेषा सरळ केलेली होती. धाडस मोठे होते, पण मोजमाप रोमनचेच. देवनागरीने युनिव्हर्सच्या मापात बसायचे, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार पुढची कित्येक वर्षे दिल्लीच्या पाट्यांवरही चालला. राजभाषा नियम, १९७६ मधल्या अकराव्या नियमाने केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या नामफलकांवर आणि पाट्यांवर हिंदी व इंग्रजी दोन्ही हव्यात असे बजावले. पुढे राजभाषा विभागाच्या सूचनांनी दोन्ही लिप्यांची अक्षरे सारख्या आकाराची असावीत असेही सांगितले. सूचना न्याय्य आहे, पण पाटी बनवणाऱ्याला विचारा. रोमन कॅपिटलच्या डोक्यावर काही नसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, पायमोडके. ‘मूर्ति’ या एका शब्दाला वर-खाली जेवढी जागा लागते तेवढ्यात रोमनच्या जवळजवळ दोन ओळी मावतील. पट्टी लावून एकूण उंची सारखी केली की देवनागरी अंगाने खुजी होते. गाभा सारखा केला तर मात्रा पाटीबाहेर जातात. त्यात नवी दिल्लीतल्या कित्येक रस्त्यांच्या पाट्यांवर हिंदी-इंग्रजीबरोबर गुरुमुखी आणि उर्दूही असते, कारण पंजाबी आणि उर्दू या दिल्लीच्या दुसऱ्या राजभाषा आहेत. गुरुमुखी शिरोरेषेखाली निमूट उभी राहते. नस्तालिक उर्दू मात्र उजवीकडून उतरत येते आणि कोणाच्याही पट्टीला जुमानत नाही. चार लिप्यांची एक पाटी पाहून झाली की अक्षररचनेचा निम्मा अभ्यासक्रम पुरा झाला म्हणावा.

संगणक आला तेव्हा दिल्लीच्या कचेऱ्यांनी जो फाँट उराशी धरला तो ‘कृतिदेव’. टाइपरायटरच्या कळा जशाच्या तशा संगणकावर आणणारा, जुन्या टंकलेखकाच्या बोटांना ओळखीचा. त्याची गंमत अशी की आतून तो रोमनच असतो. ‘हिंदी’ लिहायचे तर एफ, जी, ए, एन, एच या कळा. पलीकडच्या संगणकात कृतिदेव नसेल तर पडद्यावर तेच पाच रोमन वर्ण दात विचकून बसतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण केली, युनिकोड आले, तरी कृतिदेव हटला नाही.

त्याला तोडीस तोड उतरला ‘मंगल’. विंडोज २००० बरोबर आलेला हा देवनागरी फाँट आखला र. कृ. जोशी यांनी. मराठी वाचकाला ते लघुनियतकालिकांच्या काळातले प्रयोगशील कवी म्हणूनही माहीत आहेत. जाहिरातक्षेत्रात उमेदवारी, मग मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्रात अध्यापन, मग एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत भारतीय लिप्यांच्या फाँटांवर काम. २००८ मध्ये ते गेले. दिल्लीतल्या मंत्रालयांपासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ज्या अक्षरात टिपणी लिहिली जाते ते या मराठी कवीच्या हातचे आहे. मंगल देखणा आहे का? मोठ्या मापात मुळीच नाही. त्या काळच्या भरड पडद्यावर बारा पॉइंटात वाचता यावा एवढीच त्याची जबाबदारी होती आणि ती त्याने चोख पार पाडली. त्याच्या रेषेत बोरू अजून जिवंत आहे. त्याला कोणी भौमितिक म्हणणार नाही.

कचेरीबाहेरची दिल्ली वेगळीच अक्षरे वाचत होती. जुन्या दिल्लीतले आणि करोलबागेतले पेंटर जाड, सावलीदार, दोन-तीन रंगांची देवनागरी रंगवत. दुरून दिसले पाहिजे, शेजारच्या दुकानाला मात दिली पाहिजे, हा धर्म. हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमातून अशा पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे डिजिटल फाँट करायला घेतले, ते व्हिनाइलच्या छापील पाट्यांनी पेंटरांचा धंदा बसवल्यावर. पुढे लोधी कॉलनीच्या भिंती चित्रांनी भरणाऱ्या ‘स्टार्ट इंडिया’चेही ते सहसंस्थापक होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या पेंटरांच्या अक्षरांपुढे बारीक भौमितिक अक्षर म्हणजे लग्नाच्या वरातीत आलेला पांढऱ्या सदऱ्यातला मास्तर. पण वरात पुढे सरकली आणि मास्तर टिकला.

तो टिकण्यामागे शहर बदलल्याचे कारण आहे. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी मेट्रोचे उद्घाटन झाले आणि दिल्लीकर पहिल्यांदाच स्वच्छ, प्रकाशित, एकसारख्या पाट्यांच्या खाली रोज चालू लागला. पलीकडे गुडगाव आणि नोएडात काचेच्या इमारती उठल्या, त्यांतल्या कंपन्यांनी जगभरच्या कंपन्यांसारखीच गोलमटोल, बिनपावलांची रोमन अक्षरे घेतली. पुढे २०१५ मध्ये खुद्द गूगलनेही आपल्या नावाच्या अक्षरांची पावले काढून ती भौमितिक केली. एवढ्या साऱ्या नव्या रोमनशेजारी देवनागरी लावायची वेळ आली की हाताशी काय? मंगल, नाहीतर कृतिदेव. आधुनिक कॅफेच्या पाटीवर इंग्रजी नाव सुटाबुटात आणि हिंदी नाव जणू तहसीलदाराच्या नोटिशीतून कापून आणलेले. म्हणून मग हिंदी नावच गाळले जाई.

या पेचात केंद्रीय मंत्रिमंडळाने एका एकजाडीच्या अक्षराला मंजुरी दिली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १५ जुलै २०१० रोजी मान्य झालेले रुपयाचे चिन्ह म्हणजे देवनागरी ‘र’ आणि उभी काठी गाळलेला रोमन ‘आर’ यांचे एकजीव रूप, वर शिरोरेषा, खाली तिला समांतर दुसरी रेघ. आखणारे डी. उदयकुमार मुंबईच्या आयडीसीतलेच. बोरूचा मागमूस नाही, तरी ‘र’ ओळखू येतो. देवनागरीची ओळख जाड-बारीक वळणात नसून सांगाड्यात आणि शिरोरेषेत आहे, याचा याहून ठळक सरकारी दाखला सापडणार नाही.

खरे काम झाले ते २०१४ मध्ये. सत्या राजपुरोहित आणि पीटर बिल्याक यांनी २००९ साली सुरू केलेल्या इंडियन टाइप फाउंड्रीने देवनागरी-रोमन जोडीचे बरेच फाँट गूगलच्या फाँटसंग्रहात खुल्या परवान्याने आणले. त्यांत एक होता ‘पॉपिन्स’. रोमन बाजू जॉनी पिनहॉर्नची, देवनागरी निनाद काळे यांची. भौमितिक घराण्यातली, बारीक ते जाड अशी वजनांची मालिका असलेली पहिली देवनागरी अशी त्याची ओळख करून दिली गेली. पुढे ही मालिका नऊ वजने आणि त्या प्रत्येकाचे तिरके रूप मिळून अठरांवर गेली. तिरक्या देवनागरीला आपल्याकडे काही परंपरा नाही, पण जाहिरातवाल्यांना ती हवीच असते, तेव्हा तेही असो.

पॉपिन्सचे ‘लाइट’ वजन मोठ्या मापात लावून जवळून पाहावे. ‘ठ’ला फारसे करावे लागत नाही. शिरोरेषेखाली एक छोटा देठ आणि पूर्ण वर्तुळ. जणू हे अक्षर हजार वर्षे कंपासाची वाटच पाहत होते. ‘व’मध्ये वर्तुळ उभ्या दंडाला चिकटते आणि रेनरची अडचण समोर येते: सांध्यावर दोन जाड्या एक होऊन डाग पडतो. म्हणून चिकटण्याआधी वर्तुळाची रेषा किंचित क्षीण केलेली असते. ‘ब’मध्ये त्याच वर्तुळाच्या पोटातून तिरकी रेघ जाते. ‘क’ला डावीकडे गोल, मधे दंड, उजवीकडे वळलेली शेपटी, म्हणजे एका दंडावर दोन्हीकडून चढाई. जाड वजनात ही पोटे बुजतात, मग अक्षर रुंद करावे लागते, गोल अंडाकृती होतो आणि भूमिती हातची जाते. बारीक वजनात मात्र पोट मोकळे राहते. देवनागरीसारख्या गजबजलेल्या लिपीत ‘राष्ट्रीय’ किंवा ‘उद्ध्वस्त’ या शब्दांना श्वास घ्यायला जागा मिळते ती इथे. भौमितिक देवनागरी सर्वांत शुद्ध दिसते ती तिच्या हलक्या वजनात, ते या कारणाने.

शिरोरेषेची भानगड वेगळी. माणसाच्या डोळ्याला आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. रोमनमध्ये आडव्या रेघा तुटक असतात, म्हणून चूक खपते. देवनागरीत शिरोरेषा शब्दभर सलग धावते. तिची जाडी केसभर चुकली तरी पान पट्टेरी दिसते. म्हणून ती उभ्या दंडाहून किंचित बारीक आखायची, आणि तरी एकजाडीचा भास राखायचा. आकाराचा जुना तंटाही पॉपिन्सने आपल्या परीने मिटवला आहे. देवनागरीच्या गाभ्याची उंची रोमनच्या ‘बी’, ‘डी’सारख्या उंच अक्षरांएवढी, रोमन कॅपिटल त्याहून बुटकी, आणि छोटी रोमन अक्षरे बऱ्यापैकी उंच. म्हणजे ‘सारखा आकार’ याचा अर्थ पट्टीने न काढता डोळ्याने काढला. देवनागरीच्या मापात रोमनला बसवल्याचे दृश्य साठच्या दशकातल्या प्रयोगाच्या नेमके उलट आहे, आणि माझ्या मते पॉपिन्सचे मोठेपण त्याच्या वर्तुळांपेक्षा इथे आहे.

त्याच वर्षी त्याच फाउंड्रीतून आलेल्या दुसऱ्या एका फाँटाचे नाव तर थेट ‘राजधानी’. देवनागरी सत्या राजपुरोहित यांची, रोमन शिवा नल्लपेरुमाल यांची. इथे वर्तुळाऐवजी कोपरे गोलावलेला चौकोन आहे, अंग अरुंद आहे आणि वजने पाच. आकड्यांच्या फलकांना, मथळ्यांना तो शोभतो. दोन ओळींपुढे मात्र सगळी अक्षरे एकाच साच्यातली भासून डोळा थकतो.

पॉपिन्स फुकट होता, रोमन आणि देवनागरी एका घरातली होती, आणि फोनचे पडदे आता इतके बारीक ठिपक्यांचे होते की हलकी रेषाही तुटत नव्हती. मग तो सगळीकडे पसरला: ॲप, संकेतस्थळे, निमंत्रणपत्रिका, समाजमाध्यमांवरची सुविचारांची पत्रके. अतिवापराने त्याची किंमत घटली हेही खरे. आज भौमितिक देवनागरी म्हटले की बरेच जण न बघता तोच उचलतात, मग मजकूर बँकेचा असो वा बारशाचा.

हलक्या वजनाला जागा मात्र ओळखून द्यावी लागते. आतून उजळलेल्या पाटीवर पांढरे अक्षर असले तर प्रकाश कडांबाहेर फाकतो आणि अक्षर आहे त्याहून जाड दिसते. तिथे हलके वजन शहाणपणाचे. वर्तमानपत्राच्या भरड कागदावर तेच वजन शिरोरेषेला तडे पाडते. आणि जानेवारीत सकाळी साडेसहाला धुक्यात बुडालेल्या महामार्गावर बारीक अक्षराची पाटी लावणे हा गुन्हाच समजावा. रस्त्याच्या पाटीला भक्कम रेषा आणि मोकळे पोट दोन्ही लागते. ते काम पॉपिन्स लाइटचे नाही. केंद्र सरकारच्या डिजिटल व्यवहारांसाठी मुख्यतः आग्रह नोटो सान्ससारख्या, अनेक भारतीय लिप्यांना एका छताखाली घेणाऱ्या फाँटाचा असतो. तो भौमितिक नाही, पण लहान मापात वाचनाला बरा आहे, आणि सरकारी अर्ज भरणाऱ्याला तेवढेच हवे असते.

आता मराठीचा हिशेब. देवनागरी एक असली तरी दिल्लीची आणि पुण्याची वळणे एक नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरवळणे ठरवून दिली आणि २०२२ मध्ये तो निर्णय अद्ययावत केला. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त: वर छोटा देठ, खाली दोन पाकळ्या. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चेही तसेच, मराठीला देठयुक्त हवा. बहुसंख्य फाँट मुळात हिंदी वळण धरून निघतात. मराठी वळण असलेच तर ते ओपनटाइप या फाँटस्वरूपातल्या भाषानिहाय सोयीत दडलेले असते आणि मजकुरावर ‘ही मराठी आहे’ अशी खूण केल्याशिवाय बाहेर येत नाही. ती खूण सहसा कोणी करत नाही. ‘ळ’ हिंदीत जवळजवळ लागतच नाही, म्हणून घाईत आखलेल्या फाँटात त्याची दोन वर्तुळे सावत्र भावंडांसारखी दिसतात. ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये, तोपर्यंत ‘ॲड.’ आणि ‘ॲप’ लिहायला जुगाड करावा लागे. ‘आचार्य’मधला रफार सगळ्यांना जमतो, ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ मात्र जुन्या हिंदी फाँटांत पाय मोडून उभा राहतो.

पाकळीचा ‘ल’ तर भूमितीच्या भाषेत हिंदी ‘ल’हून सरस आहे. दोन बाजूंना दोन वर्तुळाकार कमानी, मधे देठ, दंडाचा अडथळा नाही. हलक्या वजनात तो अक्षरशः उमलतो. मराठीसाठी मुळापासून आखलेला भौमितिक फाँट कोणी करायला घेतला तर सुरुवात या अक्षरापासून करावी. मुंबईत ‘एक टाइप’सारख्या गटाने ‘मुक्त’सारखे देवनागरी फाँट याच काळात खुले करून दिले आहेत, म्हणजे हात आहेत, हुन्नर आहे. मागणी कमी पडते.

ती मागणी वाचकाच्या हातात आहे. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा फलक असो, पुण्यातल्या दुकानाची पाटी असो की घरच्या लग्नाची पत्रिका: छापायला टाकण्याआधी निवडलेल्या फाँटात ‘दुसऱ्या’, ‘कळवळा’, ‘शिल्लक’, ‘ॲड.’ आणि ‘राष्ट्रीय’ हे पाच शब्द, ज्या मापात आणि ज्या वजनात लावायचे आहेत त्यात, टाइप करून हातभर अंतरावरून वाचून पाहा. ‘ळ’चे गोल सारखे आले, ‘ऱ्या’ मोडला नाही, ‘ल’ला पाकळ्या आल्या आणि ‘ष्ट्र’ बुजला नाही, तर तो फाँट घ्या. यातले एक जरी बिघडले तर पाटी करणाऱ्याला दुसरा दाखवायला सांगा.